नाना पगार आणि पाच टनांची यारी

नाना पगार कुणाच्याही घरी गेले की आधी वर बघायचे. घरातली माणसं "या, बसा" म्हणतायत, पाण्याचा तांब्या पुढं येतोय, आणि हे आपले उंबऱ्यातच मान वर करून उभे. आढं कसलं आहे, तुळया किती, एखादीला चीर गेलीय का, भिंत विटांची की मातीची, एवढं सगळं बघून झालं की मगच त्यांची नजर खाली माणसांवर यायची. माझ्याकडं पहिल्यांदा आले तेव्हा आमच्या हिला वाटलं, पाहुण्यांना जळमटं दिसली. दुसऱ्या दिवशी बिचारीनं अख्खं घर झाडून काढलं. मी म्हटलं, "अगं, जळमटं नाही, तो माणूस तुळई बघत होता. तिला किती वजन टांगता येईल याचा हिशेब करत होता." तर ती आणखीनच घाबरली. "आपल्या तुळईला कशाला टांगायचंय त्यांना काही?" म्हणाली. पुढं दोन वर्षं नाना आले की ती स्वयंपाकघरातून बाहेर यायची नाही.

आम्ही दोघं नाशकात, भद्रकालीत मगनशेटच्या दुकानात नोकरीला. ही गोष्ट एकोणीसशे तीस सालानंतरची. दुकानात तेलावरची इंजिनं, पंप, पट्टे आणि वजन उचलायची झाडून सगळी साधनं मिळायची. कप्प्या, साखळदंड, जॅक, आणि सगळ्यांत वरचा माल म्हणजे यारी. आता सगळे क्रेन म्हणतात, तेव्हा कामगार माणूस यारीच म्हणायचा. मी दुकानात हेडक्लार्क, म्हणजे खुर्ची बरी आणि शिव्या जास्त. नानांचं काम वेगळं. ज्याला काही उचलायचं असेल त्याच्या कारखान्यात जायचं, जागा बघायची, आणि त्याला कोणतं साधन लागेल ते सांगायचं. ते सांगणार, विलायती कंपनीला पत्र मी लिहिणार, आणि मगनशेट गादीवर बसून दोघांनाही घाई करणार.

नाना मूळचे सटाण्याकडचे. अंगानं किरकोळ, मान कायमची थोडी मागं गेलेली, आणि वर बघितलं की डोक्यावरची काळी टोपी मागं पडायची म्हणून ती इतकी पुढं ओढून बसवलेली की भुवया दिसायच्या नाहीत. खिशात एक ओळंबा, एक मोजपट्टी आणि एक मोठा खिळा. बोलणं आमच्यासारखंच साधं, पण राग आला की गडी अहिराणीत शिरायचा. "हाई काय शे?" असं ऐकू आलं की आम्ही समजायचो, आज कुणाचं तरी काही खरं नाही.

गिऱ्हाईक कितीही मोठं असो, नानांचे प्रश्न तीनच. काय उचलायचंय? किती उंच? आणि उचलायलाच पाहिजे का? पहिल्या दोन प्रश्नांना गिऱ्हाईक खुशीत उत्तरं द्यायचं. तिसऱ्याला मगनशेट कपाळावर हात मारून घ्यायचे, कारण निम्मी गिऱ्हाईकं तो प्रश्न ऐकून विचारात पडायची आणि विचार करत करत आपापल्या घरी जायची.

एकदा पुतणीसाठी मुलगा बघायला नाना सिन्नरला गेले. सोबतीला मला नेलं, का तर "तुम्हाला बोलता येतं." मुलाकडच्यांनी बैठक घातलेली, पोहे आलेले, मुलगा मान खाली घालून बसलेला, आणि नाना मान वर करून. दोघांची नजरभेट होण्याचा काही संभवच नव्हता. मी आपला शिक्षण विचारतोय, शेती विचारतोय, देवक विचारतोय. शेवटी मुलाचे वडील कंटाळून म्हणाले, "पाहुण्यांना काही विचारायचं नाही का?"

नाना म्हणाले, "मधली तुळई सागाची?"

"हो."

"दीड टन घेईल. डोळे मिटून."

मी मनात म्हटलं, संपलं. आता पोहे खाऊन निघायचं. तर मुलाचे वडील ताडकन उठले आणि नानांचा हात धरून म्हणाले, "अहो, हेच मी त्या सुताराला सांगत होतो! सहा महिने भांडतोय त्याच्याशी, घरात एकानं माझी बाजू घेतली नाही!" लग्न तिथल्या तिथं ठरलं. मुलगा काळा की गोरा हे नानांना लग्नाच्या दिवशी कळलं.

पण दुकानात हे असं चालत नाही ना! एका गृहस्थानं बर्फाचा कारखाना काढला. बर्फाच्या लाद्या उचलून बैलगाडीत ठेवायला त्याला यारी हवी होती. ऐन मे महिन्यात नाना तिथं पाहणीला गेले ते तीन दिवस परतच आले नाहीत. एरवी तेलाच्या घाण्याची पाहणी तासाभरात उरकणारा हा माणूस. मी चिठ्ठी पाठवली तर उलट निरोप आला, "काम नाजूक आहे, घाई करू नये." चौथ्या दिवशी आले ते नाक शिंकरत, पण चेहरा असा खुललेला! म्हणाले, "त्यांना यारी नको."

मगनशेट म्हणाले, "म्हणजे?"

"गाडीवाट खणून कमरेएवढी खाली घ्यायला सांगितली. गाडी खड्ड्यात उभी राहणार. लादी फळीवरून आपली आपण घसरत गाडीत. उचलायचंच नाही काही. मालक एवढे खूश झाले, मला घोंगडी दिली."

मगनशेटनी डोक्यावरची पगडी काढून गादीवर आपटली. "अरे भाई, मी दुकान कशाला मांडलंय? खड्डे विकायला?"

त्याच दिवशी त्यांनी नानांना सांगून टाकलं. दसऱ्यापर्यंत एक मोठी यारी विकून दाखवायची. विकली तर नोकरी, नाही विकली तर सीमोल्लंघन. हे ते हसत म्हणाले, पण मगनशेट हसत म्हणाले की गोष्ट खरी असायची.

नानांनी बावन्न पार केलेली. मूलबाळ नाही. नोकरी गेली तर सटाण्याला थोरल्या भावाच्या दारात जायचं, दुसरं ठिकाण नव्हतं. आणि तो भाऊ म्हणजे विचारू नका! नाना दिवाळीला चार दिवस गेले तरी उठताबसता ऐकवायचा, "शहरात जाऊन काय दिवे लावलेस?" चार दिवसांत बारा वेळा. नानांची बायको गोदाकाकू, जिभेची तिखट पण मनाची लोण्यासारखी, ती मला म्हणाली, "भाऊजी, तुम्ही लक्ष ठेवा यांच्याकडं. मी गोदावरीत उडी घेईन, पण जाऊबाईंच्या चुलीपुढं बसणार नाही." मी छाती ठोकून सांगितलं, "वहिनी, काळजी सोडा. नानांचं तोंड बंद ठेवायचं काम माझ्याकडं."

आणि देवानंच पाठवल्यासारखे धोंडूशेट आले. धोंडूशेट म्हणजे पंचवटीपलीकडं, आडगावच्या रस्त्याला पितळी पत्र्यांचा आणि भांड्यांचा कारखाना असलेलं बडं प्रस्थ. त्यांच्या चुलतभावाचाही तसाच कारखाना, आणि दोघांचा उभा दावा. चुलतभावानं तीन टनांची यारी बसवली हे कळल्यापासून धोंडूशेटना जेवण गोड लागत नव्हतं. दुकानात पाऊल टाकल्याबरोबर म्हणाले, "मला पाच टनांची पाहिजे."

नानांनी विचारलं, "काय उचलायचंय?"

"ते नंतर बघू."

मगनशेटचे डोळे भरून आले.

नाना कारखाना बघून आले आणि मला बाजूला घेऊन म्हणाले, "त्यांच्याकडं सगळ्यांत जड वस्तू म्हणजे पत्रा दाबायचा रूळ. तोही टनाच्या आतला. एक टनाची कप्पी डोक्यावरून पाणी. आणि दुसरं म्हणजे, हातानं ओढायची यारी जेवढी मोठी तेवढी तिची चाल मंद. पाच टनांच्या यारीला तांब्या बांधला तरी ती पाच टनांच्याच चालीनं उचलणार."

"मग उचलू दे की सावकाश. त्यांना कुठं गाडी पकडायचीय?"

"ते राहू द्या. पण भिंत..." नानांनी खिशातला खिळा काढला. त्याच्या टोकाला माती होती. "वरून चुना, आत निव्वळ माती. जुना गुरांचा गोठा आहे तो. टनभर पेलेल कसाबसा. पण यारीवर पाटी पाच टनांची असणार, अन् उद्या कुणी पाटी वाचून चार टन टांगलं म्हणजे?"

मी म्हटलं, "नाना, जड काही नाहीच त्यांच्याकडं, तर टांगणार काय? आपण गप्प बसायचं. काकूंचा विचार करा." नाना खिळा पुसत राहिले.

कागदावर सही व्हायच्या दिवशी गोदाकाकूंनी घरून पाच विडे करून दिले आणि बजावलं, की धोंडूशेट दिसले की एक तोंडात, तो संपायच्या आत दुसरा. नानांनी घाबरून दोन-दोन कोंबले. दोन्ही गाल टम्म. धोंडूशेटनी लेखणी उचलली, थांबले, आणि नेमकं विचारलं, "नाना, आमच्या भिंती कशा आहेत?"

नानांचे डोळे मोठे झाले. मान हलली. होकारार्थी की नकारार्थी, ते ब्रह्मदेवाला कळलं नसतं. तोंडातून एक "हूं" आला आणि थोडा लाल रस. मी झटकन कागद पुढं सरकवून म्हटलं, "शेट, इथं सही." धोंडूशेटनी सही केली. नाना उठून मोरीवर गेले आणि बराच वेळ चूळ भरत राहिले.

यारी आली नाशिक रोडला, मालगाडीच्या उघड्या वाघिणीतून. धोंडूशेट झेंडूचा हार घेऊन हजर. मालधक्क्यावरच्या बाबूनं विचारलं, "हे धूड उतरवणार कशानं?"

"कशानं म्हणजे? यारीनं," धोंडूशेट ऐटीत म्हणाले.

"यारी कुठाय?"

"ती काय, वाघिणीत."

बाबूनं टोपी काढून डोकं खाजवलं. मग नानांनीच तीन लांब बल्ल्यांची तिकाटी उभी केली, तिला कप्पी बांधली, आणि धोंडूशेटचा मुकादम खंडू आणि त्याचे वीस गडी "हैस्सा" म्हणत लोंबकळले तेव्हा कुठं ते लोखंड खाली आलं. येता येता खंडू म्हणाला, "नाना, हे जर आमीच उतरवलं, तर आता ही यारी काय कामाची?" नाना म्हणाले, "गप ओढ."

मग महिना-सव्वा महिना नाना कारखान्यातच. दुकानात यायचे ते तेवढ्यापुरते. चेहरा पार उतरलेला. मला वाटलं, ऊन लागतंय.

यारी उभी राहिली तोवर नवरात्र आलं. धोंडूशेटनी ठरवलं, खंडेनवमीला हत्यारांच्या पूजेत यारीची पूजा करायची. पण पूजा झालेल्या हत्याराला त्या दिवशी हात लावत नाहीत, म्हणून चालवून दाखवायचा कार्यक्रम आदल्या दिवशी, अष्टमीला दुपारी. चुलतभावाला मुद्दाम आमंत्रण. मगनशेट जरीची टोपी घालून आलेले. मी कागदपत्रं घेऊन दारात उभा.

नानांनी रूळ बांधून ठेवला होता. धोंडूशेट म्हणाले, "रूळ काय उचलायचा? मला उचला."

"शेट, तुम्हीच कशाला?"

"माझी यारी आहे, मी बसणार."

आपल्याच कारखान्यात घडवलेली पितळी पत्र्याची खुर्ची त्यांनी आणवली. तिला चार साखळ्या लावल्या. जरीकाठी धोतर, उपरणं, कपाळाला गंध असे शेट खुर्चीत बसले आणि म्हणाले, "ओढा!"

दोन गडी हातसाखळी ओढायला लागले. ओढतायत, ओढतायत, खळखळ खळखळ नुसता आवाज. शेट जागच्या जागी. बऱ्याच वेळानं त्यांचे पाय जमिनीपासून चार बोटं सुटले. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. पुन्हा खळखळ. गडी बदलले. शेट वीतभर वर. लोक एका पायावरचा भार दुसऱ्या पायावर घ्यायला लागले. चुलतभावानं खिशातलं घड्याळ काढून बघितलं आणि विचारलं, "दादा, रात्रीचं जेवण वरच पाठवू का?"

"ओढा रे!" शेट ओरडले. "पार वरपर्यंत!"

आता इकडं काय झालं ते बघा. पूजेसाठी ठरवलेले वामनभट दुपारीच येऊन बसले होते. त्यांना दुसऱ्या दिवशी सकाळी आठ ठिकाणी पूजा. त्यांनी पंचांग बघितलं, नवमी आज साडेचारलाच लागत होती. म्हटलं, कशाला उद्याची धावपळ, इथली आत्ताच उरकून टाकू. सगळ्यांचे डोळे शेटकडं लागलेले असताना त्यांनी मागच्या बाजूनं सुरुवात केली. ऐरण, हातोडे, सांडशी, भाता, कात्र्या, शिड्या, दोरखंड, सगळ्याला हळद-कुंकू लावत, फुलं वाहत, तोंडानं मंत्र म्हणत स्वारी पुढं सरकत होती. हात असा चपळ की कारखान्यातला झाडूसुद्धा सुटला नाही. शेट दीड पुरुष उंचीवर पोचले तेव्हा, सोडली तरी यारी भार धरून ठेवतेच म्हणून, गड्यांनी घाम पुसायला साखळी सोडली. वामनभटांनी तिला कुंकू लावलं, झेंडूची माळ घातली आणि घंटा वाजवली. घंटा ऐकून खंडूनं हात जोडले. गड्यांनी जोडले. वर शेटनीही जोडले.

मग शेट म्हणाले, "झालं. आता उतरवा."

कुणी हललं नाही.

"अरे, उतरवा!"

खंडू म्हणाला, "शेट, पूजा झाली."

"बरं मग?"

"आता साखळीला हात कसा लावायचा?"

"अरे, पण मी वर आहे!"

"ते दिसतंय शेट. पन मागल्या साली काशिनाथनं पुजेच्या हातोड्यानं खिळा ठोकला, तर तुमीच त्याला देवापुढं नाक घासायला लावलं व्हतं."

हे खरं होतं. शेट देवभोळे आणि नियमाला कडक. त्यांनी वरूनच वामनभटांना विचारलं, "पूजा सुटते कधी?"

वामनभटांनी शांतपणे पंचांग उघडलं. "दशमी लागली की. उद्या संध्याकाळी."

"उद्या संध्याकाळी?" शेटचा आवाज चिरकला. खुर्ची गोल फिरायला लागली. शेट एकदा आमच्याकडं तोंड करून ओरडायचे, एकदा भिंतीकडं तोंड करून. शिडी आणा म्हणाले, शिडीला कुंकू. दोर टाका म्हणाले, दोराला कुंकू. चुलतभाऊ म्हणाला, "दादा, राहा की. वर वारा चांगला असेल." त्याला हसू आवरेना. मी कागदांआड तोंड लपवलं. खोटं कशाला बोलू, माझ्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं होतं.

एकटे नाना हसत नव्हते. टोपी मागं पडू नये म्हणून एका हातानं धरून ते वर बघत होते. म्हणाले, "खंडू, शेट खाली येत नाहीत ना? मग जमीन वर न्या."

"आँ?"

"पितळ घासायला चिंच लागते ना तुम्हाला? तिच्या गोण्या किती आहेत?"

"लय. कोठार भरलंय."

"चिंच हत्यार नाही. तिला कुंकू लागलेलं नाही. आणा."

झालं! गडी पाठीवरून चिंचेच्या गोण्या आणायला लागले. नाना खाली उभे राहून पायऱ्या रचून घेत होते. एक थर, दुसरा थर, तिसरा. काम चोख, पण वेळखाऊ. तोवर शेटना वर काही उद्योग नाही. ते इकडंतिकडं बघायला लागले. यारीचं लोखंड भिंतीवर जिथं टेकलं होतं, ती जागा त्यांच्या नाकासमोर. थोड्या वेळानं वरून आवाज आला, पण या खेपेला ओरडणं नव्हतं.

"नाना, भिंतीतनं माती का गळतेय हो?"

सगळे थांबले. मगनशेटनी नानांकडं बघून डोळे वटारले. मी दारातून हातानं खूण केली, गप्प. त्या दिवशी नानांच्या तोंडात विडा नव्हता. ते एकदा आमच्याकडं बघते झाले, एकदा पाठीवर गोणी घेतलेल्या गड्यांकडं.

"भिंत कच्ची शे, शेट!"

आणि मग तो माणूस बोलतच सुटला. "वरून चुना, आत माती. मला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. तुम्ही विचारलंत तेव्हा मी तोंडात पान भरलं. नोकरी जाईल म्हणून बोललो नाही. पाच टन सोडा, तीन टन टांगलं तरी भिंत, यारी, सगळं या पोरांच्या अंगावर येईल. माझं चुकलं, शेट. खांब बांधा. आधी विटांचे पक्के खांब बांधा, मगच हिला हात लावा."

"अहो, पण आत्ता मी लटकलोय ना हिला!"

"तुमचं काय घेऊन बसलात? तुम्ही म्हणजे चिंचेच्या दोन गोण्या. तुम्हाला काही होत नाही."

एरवी असं काही ऐकून धोंडूशेट तरातरा निघून गेले असते. पण जाणार कुठं? नानांच्या सबंध आयुष्यात असं पूर्ण ऐकून घेणारं गिऱ्हाईक तेवढं एकच. त्यांनी खांब किती, किती रुंद, पाया किती खोल, सगळं सांगून घेतलं. मग गोण्यांवरून एकेक पायरी खाली आले. धोतराला चिंच चिकटलेली, उपरणं खांद्यावरून लोंबतंय. कुणाशी बोलले नाहीत. दारातून जाताना चुलतभाऊ नमस्कार करून म्हणाला, "दादा, माझीही भिंत एकदा बघून घेतो." त्याला हसू येत नव्हतं आता.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी गवंडी लागले. धोंडूशेटनी यारी ठेवली आणि खांबांचा खर्च मगनशेटच्या बोकांडी बसवला. मगनशेटनी त्याच संध्याकाळी नानांना सांगितलं, उद्यापासून येऊ नका. मी तिथंच होतो. समोर पत्रांची फाइल होती, ती मी फार लक्ष देऊन वाचत राहिलो. नाना माझ्याजवळ आले, म्हणाले, "ओळंबा माझा स्वतःचा आहे, तो नेतो," आणि गेले.

चार दिवसांनी मी त्यांना सटाण्याच्या मोटारीवर पोचवायला गेलो. सामान ते काय, एक वळकटी आणि एक पत्र्याची ट्रंक. मोटारीचा क्लीनर टपावर ट्रंक बांधत होता. गोदाकाकूंचे डोळे सुजलेले. मला वाटलं, नवऱ्याला बोल लावतील. मी आपलं बोलायचं म्हणून बोललो, "नाना, एवढा महिना काढलात, आणखी एक तासभर गप्प बसला असता तर..."

नाना टपाकडं बघत होते. उत्तर काकूंनी दिलं.

"गप्प बसले म्हणता भाऊजी? महिनाभर यांचा डबा त्या भिंतीच्या बुडाशी. बाकीचे बाहेर लिंबाखाली जेवायचे, हे एकटे आत. यारीला काही बांधलं की हे त्याच्याखाली जाऊन उभे. खंडूनं येऊन सांगितलं मला. मी विचारलं, का हो जीव देता? तर म्हणाले, तोंड उघडता येत नाही, तर निदान तिथं बसतो तरी. पोरांवर पडलं तर माझ्यावरही पडू दे." त्यांनी पदरानं डोळे पुसले. "अशी नोकरी काय करायची? त्यापेक्षा जाऊबाई बऱ्या."

भिंत मलाही ठाऊक होती. त्या महिन्यात कागद घेऊन मी सहा-सात वेळा तरी कारखान्यावर गेलो असेन, आणि प्रत्येक वेळी खंडूला फाटकाशी बोलावून घेतलं होतं. ऊन फार आहे, घाई आहे, बूट काढायचा कंटाळा आहे, काहीतरी सांगायचो. चालवून दाखवायच्या दिवशीसुद्धा मी दाराच्या आत पाऊल टाकलं नव्हतं. हे मी तोवर स्वतःशीही कधी बोललो नव्हतो. आता बोलायला हवं होतं, नानांचे पाय धरायला हवे होते. पण ड्रायव्हरनं हँडल मारलं, इंजिन धडधडायला लागलं, नाना आणि काकू आत जाऊन बसले.

मोटार हलली. मी खिडकीबरोबर चार पावलं चाललो. नानांनी बाहेर डोकं काढलं, वर बघितलं, टोपी मागं पडली, ती त्यांनी एका हातानं धरली आणि दुसऱ्या हातानं मला जोरजोरात खूण करत ओरडले,

"अहो, तिथून बाजूला व्हा! टपावरची ट्रंक नीट बांधलेली नाही!"

आणि मी बाजूला झालो.